ओबेड लशर, वय वर्षे पाच

विकस्टन, नॉरफोक
९ फेब्रुवारी १९७१

विनिफ्रेडबाई यांस,

तुम्ही आमच्या पाद्रीसाहेबांना लिहिलेलं पत्र त्यांनी माझ्या हातात आणून दिलं. म्हणाले, "ओबेड, गावात लशर आडनावाचे आता तुम्हीच उरलात. काय उत्तर द्यायचं ते तुम्हीच द्या." त्यांच्याकडे चार गावांची चार देवळं आहेत, मोटारीतून उतरायला त्यांना वेळ नसतो.

लिहिणं हे माझ्या हाताचं काम नव्हे. शाळा लवकर सुटली. आधी शेतात पाखरं हाकली, मग जन्मभर घोड्यांच्या मागे नांगर धरला. चुका दिसतील त्या पोटात घाला.

तुम्ही विचारता ते खरं आहे. माझे वडील जोसाया, आणि त्यांचे थोरले भाऊ नेहेमाया तरुणपणीच उत्तरेला पोलादाच्या कारखान्यात गेले. तुम्ही त्या नेहेमायाची नात म्हणता, तर मी तुमचा चुलतकाका झालो. मला सत्त्याहत्तरावं चालू आहे. बायको हेटी जाऊन सहा वर्षं झाली. मूल झालं नाही. माझं म्हणून जगात कोणी आहे हे तुमच्या पत्रानंच कळलं, आणि त्या रात्री मला झोप लागेना. आनंदानं की कशानं, सांगता येत नाही. माझी झोप तशीही कच्चीच.

पूर्वजांचं एवढं काय शोधायचं असतं? विचारतो म्हणून रागावू नका. आमच्याकडे सगळे मजूरच निघतील.

ओबेड लशर


शेफील्ड
१६ फेब्रुवारी

प्रिय ओबेडकाका,

काकाच म्हणणार, आणि तुम्ही मला बाई म्हणायचं नाही. विनी म्हणा.

मजूर निघाले तर निघू देत. मी दातांच्या डॉक्टरकडे दिवसभर लोकांना "बसा, एवढ्यात बोलावतील" सांगत असते. माझे पूर्वज कोणी सरदार असते तर मला ते झेपलेच नसते. नवरा गेल्यावर संध्याकाळी घर खायला उठतं, म्हणून हा छंद. आजोबा मरताना म्हणाले होते, "विकस्टनला आपली माणसं आहेत." चाळीस वर्षांनी मी ते मनावर घेतलं.

लशर म्हणून आता तुम्ही आणि मी दोघंच. येता नाताळ तुम्ही इथे करायचा. हे विचारत नाहीये, सांगतेय.

तोवर एक काम करा. देवळातल्या पेटीत बाप्तिस्म्याच्या, लग्नांच्या, दफनांच्या वह्या असतील. त्यांतला प्रत्येक लशर उतरवून पाठवा. दफनाची वही नीट बघा. जन्मलेले सगळे जगत नसत, आणि कोण लहानपणीच गेलं ते कळल्याशिवाय वंशाचं झाड नीट उभं राहत नाही.

तुमची,
विनी


विकस्टन
२१ मार्च

प्रिय विनी,

उशीर झाला. छातीत कफ होता, मग पाऊस, मग पुन्हा कफ.

सोबत यादी जोडली आहे. जुनं अक्षर लागत नाही, एकेका नावाला दिवस गेला. तुझ्या आजोबांचा बाप्तिस्मा सापडला. १८९९ सालचं दफनाचं पान तेवढं ओलीनं चिकटलं आहे, ते वाचता येत नाही. त्यावर कोणी लशर असेल असं मला वाटत नाही. त्या पानाचा नाद सोड.

नाताळचं बोलावणं अजून आहे ना? तुझ्याकडे यायचं म्हणून मी नवा कोट घेतला. चांगला जाड लोकरी आहे. पण पंधरा दिवसांत दोन्ही कोपरं विरली. दुकानात परत नेला तर दुकानवाली बनबाई म्हणते, "ओबेड, कोट घालता की त्याच्याशी कुस्ती खेळता?" मी म्हटलं, मी तो दोनदाच घातला, देवळात. ती म्हणाली, "मग देवाशी कुस्ती खेळत असाल." सगळं दुकान हसलं. मी नाही हसलो.

तुझा,
ओबेडकाका


शेफील्ड
१९ एप्रिल

प्रिय काका,

यादी पाहून मी स्वयंपाकघरात नाचले. बोलावणं आहे. कोटाचं काय घेऊन बसलात, इथे मी तुम्हाला विणलेला स्वेटर देईन.

चिकटलेल्या पानाची चिंता नको. तुम्हाला त्रास नको म्हणून मी लंडनच्या सरकारी मृत्यूनोंदी मागवल्या. त्यांत काय मिळालं बघा. ओबेड लशर, वय पाच, विकस्टन, ऑक्टोबर १८९९, घटसर्प. वडील जोसाया, आई मार्था.

घाबरू नका, तुम्ही मेलेले नाहीत! या छंदात नवखा माणूस इथेच फसतो आणि जिवंत म्हाताऱ्याला झाडावर मारून मोकळा होतो. त्या काळी मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत. तेव्हा तो तुमचा थोरला भाऊ असणार. आईवडील कधी बोलले होते का त्याच्याबद्दल? तुमच्या बाप्तिस्म्याची तारीख तेवढी कळवा. यादीत राहून गेली आहे.

विनी


विकस्टन
२ मे

प्रिय विनी,

होय, होय. थोरला भाऊच तो. आता आठवलं. आई बोलली होती एकदा. तो गेला आणि त्याच्यानंतर मी झालो, म्हणून तेच नाव. तू बरोबर ओळखलंस, हुशार आहेस.

बाप्तिस्मा माझा बहुतेक दुसऱ्या गावात झाला. कुठल्या ते माहीत नाही. आता ते शोधत बसू नकोस. झाड पुष्कळ मोठं झालं आहे.

शर्टही विरायला लागले आहेत. कॉलरपाशी कापड हातात येतं, ओल्या कागदासारखं. धुलाईची पावडर बदलून पाहिली.

काका


शेफील्ड
२ जून

प्रिय काका,

कसे आहात? इथे हवा छान आहे. खिडकीतल्या जिरेनियमला पहिलं फूल आलं. डॉक्टरांनी नवी खुर्ची घेतली आहे, बटण दाबलं की पेशंट आपोआप आडवा होतो. एक म्हातारी तर घाबरून उडी मारून पळालीच. खूप हसलो.

बाकी विशेष काही नाही. तब्येतीला जपा.

विनी


विकस्टन
५ जून

विनी,

तुझ्या पत्राच्या वर शेफील्ड लिहिलं आहे. पाकिटावर शिक्का नॉरविचचा आहे.

मी कमी शिकलो असेन, पण टपालाचा शिक्का वाचता येतो. नॉरविच इथून बसनं तासाभरावर. तू तिथवर आलीस, आणि मला भेटली नाहीस. जिरेनियमचं लिहिलंस. म्हणजे तुला कळलं आहे. पूर्वजांबद्दल एक शब्दही नाही तेव्हाच मला समजलं.

तर मग ऐक. पान चिकटलेलं नव्हतं.

मार्चमध्ये देवळाच्या आतल्या खोलीत मी आणि पाद्रीसाहेब वही बघत होतो. त्यांना घाई होती, मोटार चालूच ठेवली होती. पान उलटलं आणि तेच आधी हसले. "अहो ओबेड, हे बघा, तुम्हाला तर आम्ही माझ्या जन्माआधीच पुरून टाकलंय! भाडं न देता राहताय होय इतकी वर्षं?" मी बघितलं. ओबेड लशर, वय वर्षे पाच. शाई ताजी दिसत होती, विनी. बाकीच्या ओळी तपकिरी पडल्या होत्या, ती एक काळी होती. माझे डोळे म्हातारे आहेत, मान्य. साहेब निघून गेल्यावर मी बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही.

तू लिहिलंस की थोरला भाऊ, आणि मी त्या फांदीला लटकलो. पण मी त्याच्यानंतर जन्मलेला नाही. मला १९०१ सालचं राणीचं मरण आठवतं, तेव्हा मी शाळेत जात होतो. मग तो गेला तेव्हा मी चार-पाच वर्षांचा कुठेतरी होतोच. कुठे होतो?

माझी सगळ्यात जुनी आठवण म्हणजे एक टेबल. मला टेबलावर उभं केलं आहे. एक बाई समोर आहे, तिच्या ओठांत टाचण्या. ती माझ्या अंगावर कोट आवळते आहे. कोट दुसऱ्या कोणासाठी शिवलेला, मला ढगळ. ती रडते आहे आणि टाचण्या ओठांतून पडू देत नाही. ती आई. त्याआधीचं काही नाही.

लहानपणी माझे कपडे कधी टिकले नाहीत. आई सदान्‌कदा शिवत असायची. ठिगळावर ठिगळ. शेजारची म्हातारी कुंपणापलीकडून म्हणायची, "मार्था, मेलेल्याचं कापड जित्याच्या अंगावर राहत नाही. तिकडं माती अंग खाते, तशी इकडं कापड खाते. शिवून शिवून किती शिवशील?" आई म्हणायची, "तुझं तोंड शिवायला दोरा उरलाय अजून." मला वाटायचं बायकांची भांडणं. पुढे मी मोठा झालो तसे कपडे टिकायला लागले. इतकी वर्षं टिकले. आता पुन्हा सुरू झालं आहे, त्या दिवसापासून.

आणि वडील. त्यांनी मला जन्मभर नावानं बोलावलं नाही. "पोरा" म्हणायचे. मी पन्नाशी गाठली तरी "पोरा, बादली आण." मला ती माया वाटायची. त्यांना ते नाव तोंडातून काढवत नव्हतं.

तुला सांगितलं नाही, कारण तू काका म्हणतेस. मी लशर नसेन तर तुझा कोण? या वयात परत कोणाचाच नाही असं व्हायचं मला धैर्य नाही. तू भेटली नाहीस त्याचा राग नाही. नाताळचं मी धरून बसत नाही.

सही करत नाही. काय लिहू?


शेफील्ड
११ जून

ओबेडकाका,

हो, मी नॉरविचला गेले होते. तुमची बस फलाटावर उभी होती. मी तिच्या पायरीवर एक पाय ठेवला आणि काढला. तुम्ही दार उघडल्यावर मी काय चेहरा करायचा ते मला ठरवता आलं नाही. मला वाटलं तुम्हाला काही माहीत नाही, आणि माझ्या तोंडावरून कळेल. आपण दोघं एकमेकांना एकाच गोष्टीपासून जपत बसलो.

संशय तुमच्या वयावरून आला. सत्त्याहत्तरावं चालू, म्हणजे तो मुलगा गेला तेव्हा तुम्हीही पाचाचेच. एका घरात एकाच वेळी दोन ओबेड कसे? म्हणून नॉरविचला जाऊन तुमच्या भागातल्या वर्कहाउसचे कागद काढले, निराधारांना ठेवत ते. तिथली पोरकी मुलं खेड्यातल्या कुटुंबांत सांभाळायला देत. नोव्हेंबर १८९९ मध्ये एक पाच वर्षांचा मुलगा विकस्टनच्या जोसाया आणि मार्था लशर यांच्याकडे दिला. त्यांचा स्वतःचा मुलगा गेल्याला महिना झाला होता.

वर्षातून दोनदा कोणी बाई तपासणीला येत असे. तिचे शेरे आहेत. "मुलगा धष्टपुष्ट, स्वच्छ. कपडे मात्र अत्यंत जीर्ण." पुढच्या वेळी, "कपडे नवे दिले असूनही जीर्ण." त्याच्या पुढे, "पालक स्त्री मुलाला तिच्या मृत मुलाच्या नावाने हाक मारते. समज दिली. मुलगाही आता दुसऱ्या नावाला ओ देत नाही." नंतर शेरे थांबतात.

मी ते वाचनालयात दोनदा वाचलं.

काका, तुमचं स्वतःचं नाव तिथे आहे. आईचंही. सांगू का? तुम्ही म्हणाल तरच.

लशरांचं रक्त म्हणाल तर ते माझ्यात आहे आणि त्याचा मला संधिवात सोडून काही उपयोग झालेला नाही. वरच्या खोलीतला पलंग दुरुस्त करून घेतला आहे. सुताराचे पैसे दिलेत, तेव्हा आता यावंच लागेल.

विनी


विकस्टन
२१ जून

विनी,

पत्र वाचून मी परसात जाऊन बसलो. शेजाऱ्याला वाटलं चक्कर आली. तुला काय लिहू? पलंगाचं वाचून माझ्या जिवात जीव आला एवढंच लिहितो.

एक केलं. आईवडिलांच्या थडग्यालगत एक बुटका उंचवटा आहे. त्यावर कधी दगड नव्हता. आई रविवारी तिथं जायची तेव्हा मला लांब झाडाखाली उभं करायची. "इथंच थांब, पुढं येऊ नको," म्हणायची. मी ओकची फळी तासली, त्यावर त्याचं नाव कोरलं, वय कोरलं, आणि तिथं रोवली. पाद्रीसाहेब म्हणाले, "परवानगी लागते, ओबेड." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू द्या. मी काही पाहिलं नाही."

फळी ठोकून झाल्यावर मी त्याला सांगितलं, मोठ्यानं, कारण तो लहान आहे. "बाळा, तुझं नाव मी वापरलं, आईनं दिलं म्हणून. फार दिवस वापरलं. आता घे परत."

तेव्हापासून कापड विरत नाही. रोज ओढून बघतो. कोटाला बनबाईनं ठिगळ मारलं ते घट्ट आहे.

पण विनी, आता मला नाव नाही. सकाळी दाढी करताना आरशातल्याला काय म्हणावं कळत नाही. टपालवाला हाक मारतो तेव्हा वाटतं, मागे कोणी छोटा उभा असेल.

माझं नाव पत्रात लिहू नकोस. कागदावर वाचलं तर मी ते पोपटासारखं पाठ करीन आणि माझंच आहे असं स्वतःला पटवीन. तू ये. समोर येऊन हाक मार. माझं असेल तर मला कळेल.


विकस्टन
५ जुलै

विनी,

तू गुरुवारी आली होतीस ना? आणि दार न ठोठावता का गेलीस? मी रागावलेलो नाही, फक्त विचारतो.

भर दुपार होती. ऊन लख्ख. मी वाटाण्याच्या वाफ्यात वाकलो होतो, तेव्हा वाटेवरून हाक आली. बाईचा आवाज. "लेम!" अशी, लांबवून. मग पुन्हा, "लेमुएल!" या गावात त्या नावाचा कोणी नाही, कधी नव्हता. पण मी कंबर सरळ करायच्या आत माझ्या तोंडून गेलं, "आलो, आई." विनी, पत्रात लिहितो तरी मार्थाला तोंडानं मी आई असं कधीच म्हटलं नाही. तिला "मॅम" म्हणायचो. आणि तो आवाज माझा नव्हता. बारीक होता.

मी फाटकापर्यंत गेलो. फाटक उघडं होतं. वाटेवर कोणी नाही. मला वाटलं, तू लाजून वळणामागे गेलीस.

शुक्रवारी तू पुन्हा हाक मारलीस, वळणापलीकडून. मी वळणापर्यंत गेलो. शनिवारी त्याच्याही पुढून. काल मी ओढ्यापर्यंत गेलो. बूट घालायचं राहिलं, एवढी घाई झाली. आवाज चांगला आहे तुझा, विनी. दमलेला वाटतो, पण चांगला. ऐकलं की गुडघे दुखत नाहीत.

हेच का माझं नाव? असेल तर मला बरं वाटेल. इतकंच सांग की तूच होतीस. उद्या पुन्हा ये, आणि एवढी लांब उभी राहू नकोस.

लेमुएल (लिहून बघितलं)


शेफील्ड
६ जुलै, तातडीच्या टपालाने

काका,

नाव बरोबर आहे. वहीत लेमुएलच आहे. मी ते कोणाला सांगितलेलं नाही, कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आणि मी शेफील्डहून हललेले नाही. गुरुवारी डॉक्टरांकडे होते, शुक्रवारी होते, शनिवारीही अर्धा दिवस होते. नॉरविचनंतर मी तुमच्या बाजूला पाऊल टाकलेलं नाही.

तुमच्या आईबद्दल वहीत दोनच ओळी आहेत. काम शोधते आणि आठवड्याभरात मुलाला न्यायला येते, असं सांगून ती वर्कहाउसमधून गेली. आली नाही. पुढे तिचा शोध लागला नाही. यावर मी काही म्हणत नाही. ती वाईट होती असं तर मुळीच म्हणत नाही. पण ओढ्याच्या पुढे काय आहे ते मी नकाशात पाहिलं. तिथे नुसती दलदल आहे.

हे पत्र उद्या सकाळी तुमच्या हातात पडेल. वाचलं की आत जा, दार लावा, चहा ठेवा. बनबाईला बोलावून बसवा, तिला म्हणावं कोटाचं काम आहे. कोणी हाक मारली तर ओ देऊ नका. कितीही दमलेली वाटली, कितीही ओळखीची वाटली, तरी देऊ नका. इतकी वर्षं थांबली आहे ती, अजून थोडी थांबेल. मला तुम्ही मिळून पाच महिने झालेत.

मी पहाटेची गाडी पकडते. दुपारच्या बसनं पोचेन.

मी दार वाजवीन, काका. हाक मारणार नाही.

विनी